प्रौढांसाठीच्या सरकारी राजकीय शिक्षणाचं मूल्यमापन: 'अतिशय समाधानी' या चौकटीच्या पलीकडे

प्रश्न असा आहे: एका सरकारी विभागाने वर्षभर प्रौढ नागरिकांसाठी राजकीय शिक्षणाचे वर्ग चालवले. संविधान, निवडणुका, स्थानिक संस्थांचा कारभार, माहिती मागण्याचा हक्क असे विषय होते. कार्यक्रम संपला आणि मूल्यमापनाचं काम एका छोट्या संस्थेकडे आलं. हातात हजेरीपट, फीडबॅक फॉर्म आणि वर्गाच्या आधी व नंतर घेतलेली वीस प्रश्नांची चाचणी एवढंच आहे. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी 'अतिशय समाधानी' अशी खूण केली आहे. यावरून कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणता येईल का? नसेल, तर आता काय करायचं?

नाही, म्हणता येणार नाही. ते ९० टक्के अहवालाच्या पहिल्या पानावर तर मुळीच टाकू नका. एकदा तो आकडा तिथे बसला की पुढची पानं कोणी उघडत नाही.

फीडबॅक फॉर्म कसे भरले जातात ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आधी स्वतः असे वर्ग घ्यायचो, नंतर दुसऱ्यांचे तपासायला लागलो. शेवटचं सत्र संपलेलं असतं, लोकांना घरी जायची घाई असते, प्रशिक्षक दाराशी हसतमुखाने उभा असतो आणि फॉर्म त्याच्याच हातात द्यायचा असतो. एकदा असाच एक गठ्ठा चाळत होतो, तर सलग अकरा फॉर्मवरची खूण एकाच वळणाची आणि एकाच हिरव्या शाईची निघाली. चौकशी केली तेव्हा कळलं, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे फॉर्म मदतनिसाने भरले होते. त्यात लबाडी काही नव्हती. त्याने विचारलं, 'आवडलं ना?' आणि लोकांनी मान डोलावली. पण त्या अकरा कागदांवरून मला त्याच्या पेनाचा रंग सोडून काहीही कळलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. शेतीचं किंवा आरोग्याचं प्रशिक्षण तपासताना एक सोय असते. पैसे देणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला साधारण एकच हवं असतं: पीक चांगलं यावं, मूल आजारी पडू नये. राजकीय शिक्षणात ती सोय नाही. इथे पैसे देणारं शासन हाच अभ्यासाचा विषय असतो. वर्ग खरोखर चांगला झाला असेल, तर त्यातून बाहेर पडलेला माणूस पहिला अवघड प्रश्न घेऊन त्याच खात्याच्या खिडकीशी उभा राहणार. म्हणून कुठलंही काम हाती घेतलं की मी आधी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहितो: या वर्गामुळे माणूस शासनाशी कारण देऊन सहमत किंवा असहमत होऊ शकतो का? 'सहमत' या अर्ध्या भागाला कोणाचीच हरकत नसते. दुसरा अर्धा तपासायला खात्यातलं कोणी सांगत नाही, आणि तो सुटला की मूल्यमापन म्हणजे खात्याची जाहिरात होते.

हे दुखणं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटिश लष्कराने 'आर्मी ब्यूरो ऑफ करंट अफेअर्स' नावाची योजना सुरू केली. सैनिकांनी आपल्या अधिकाऱ्याबरोबर बसून चालू घडामोडींवर चर्चा करायची, त्यासाठी पुस्तिका छापल्या जायच्या. सरकारी खर्चाने प्रौढांचं राजकीय शिक्षण, तेही युद्ध चालू असताना. डिसेंबर १९४२ मध्ये सामाजिक सुरक्षेवरच्या बेव्हरिज अहवालाचा सारांश या मालिकेत निघाला आणि विषय वादाचा आहे म्हणून दोनच दिवसांत तो परत मागवला गेला. कार्यक्रमाचा खरा स्वभाव अशा दिवशी कळतो. पुढे १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला, तेव्हा हुजूर पक्षातल्या अनेकांनी पराभवाचं खापर या चर्चावर्गांवर फोडलं. गंमत म्हणजे बऱ्याच तुकड्यांमध्ये ही सत्रं नियमित होतच नव्हती, असं इतिहासकारांनी नंतर दाखवलं. वर्ग ठेवले, निकाल बदलला, म्हणजे वर्गांमुळे बदलला, ही उडी मारायला किती सोपी आहे ते यातून दिसतं. 'आमच्या वर्गांनंतर मतदान वाढलं' असं वाक्य अहवालात लिहायचा मोह तुम्हालाही होईल.

सुरुवात पुस्तिकेपासून करा. माणसं भेटण्याआधी, आकडे उघडण्याआधी. प्रशिक्षणाची पुस्तिका घ्या, दोन रंगांची पेनं घ्या आणि क्रियापदं अधोरेखित करत जा. जिथे शासन काही 'देते', 'पुरवते', 'राबवते', तिथे एक रंग. जिथे नागरिक काही 'विचारतो', 'मागतो', 'हरकत घेतो', 'नाकारतो', तिथे दुसरा. मी हे पहिल्यांदा केलं ते कंटाळा घालवायला, खोटं कशाला सांगू. पण तासाभरात पान जवळजवळ एकरंगी झालं. नागरिक हा शब्द आला की त्याच्यामागे 'करावे', 'भरावे', 'पाळावे', 'सहकार्य करावे' असा आवेआवेचा पाऊस. हक्कांचा धडा होता, पण त्यातही हक्क 'मिळालेले' होते. ते नाकारले गेले तर कुठे जायचं, किती दिवसांत जायचं, यावर एक ओळ नव्हती. अशा पुस्तिकेतून शिकवून लोकांना वीसपैकी अठरा गुण मिळाले, तरी ते यश कशाचं हा प्रश्न उरतोच.

मोजपट्टी म्हणून मी जर्मनीतली एक वापरतो. १९७६ साली बॉइटल्सबाख या गावी राजकीय शिक्षणातली वेगवेगळ्या विचारांची मंडळी एकत्र बसली. त्या चर्चेतून हान्स-गेऑर्ग वेलिंग यांनी तीन तत्त्वं टिपून ठेवली. शिकणाऱ्याला आपल्या मताच्या ओझ्याखाली दाबून टाकायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांमध्ये जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचंच दिसलं पाहिजे. आणि शिकणाऱ्याला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित ओळखून त्यासाठी राजकारणात काय करता येईल हे शोधता आलं पाहिजे. यावर मतदान वगैरे झालं नव्हतं, तरी पन्नास वर्षं होत आली, ही तत्त्वं टिकून आहेत. मुळात ती शाळेतल्या शिक्षणाच्या संदर्भात आली, पण प्रौढांच्या वर्गाला जास्तच लागू पडतात, कारण प्रौढ माणूस स्वतःची मतं घेऊनच वर्गात येतो.

दुसऱ्या तत्त्वाची चाचणी सोपी आहे. वर्षभरात ज्या विषयावर खरोखर वाद झाला असे दोन-तीन विषय घ्या: एखादा कर, एखादं पुनर्वसन, एखादा कायदा. ते पुस्तिकेत किंवा वर्गात आले का? आले तर किती बाजूंनी? एकही वाद नसलेला राजकीय शिक्षणाचा कार्यक्रम मी पाहिला आहे, त्याचं नाव मोठं होतं आणि त्यात राजकारण सोडून सगळं होतं. अशा वेळी अहवालात 'हा प्रक्रियेची माहिती देणारा कार्यक्रम आहे, राजकीय शिक्षणाचा नाही' असं सरळ लिहावं. माहिती देणं वाईट नाही. फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

वर्ग संपलेत म्हणता, त्यामुळे प्रत्यक्ष बसून पाहणं तुम्हाला आता जमणार नाही. पण पुढची फेरी असेल तर मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसा. मी दर मिनिटाला एक खूण करतो: 'प्र' म्हणजे प्रशिक्षक बोलतोय, 'स' म्हणजे सहभागी बोलतोय, 'ग' म्हणजे गटात काम चाललंय. एका साठ मिनिटांच्या सत्राची माझी वही सांगते: बावन्न 'प्र', सहा 'स', दोन 'ग'. त्या सहांपैकी चार वेळा सहभागी फक्त 'हो' म्हणाले होते. सत्राचं नाव होतं 'संवाद'.

हे मोजायचं कारण आहे. स्टीव्हन फिंकेल या अभ्यासकाने डॉमिनिकन प्रजासत्ताक, पोलंड, दक्षिण आफ्रिका आणि पुढे केनिया इथल्या प्रौढ नागरिक शिक्षणाचा अभ्यास केला. तिथले कार्यक्रम बहुतेक परदेशी निधीतून आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत चालत, शुद्ध सरकारी नव्हते, हा फरक ध्यानात ठेवा. पण निष्कर्ष कामाचा आहे. एकदाच वर्गाला गेलेल्यांवर जवळजवळ परिणाम नव्हता. अनेकदा गेले, वर्गात नाट्य, गटचर्चा, प्रत्यक्ष सराव अशा पद्धती होत्या आणि प्रशिक्षक लोकांना पटला होता, तिथे परिणाम दिसला. म्हणजे 'एकूण लाभार्थी' या आकड्याला अर्थच उरत नाही. हजेरीपटातून एकदा आलेले, दोनदा आलेले, तीन किंवा जास्त वेळा आलेले असे गट आधी वेगळे काढा. बहुतेक कार्यक्रमांत पहिला गट भला मोठा असतो आणि जाहिरातीतला आकडा त्याच्याच जोरावर फुगलेला असतो.

आता ती वीस प्रश्नांची चाचणी.

तीच चाचणी आधी आणि तीच नंतर दिली असेल, तर माणूस प्रश्न आठवून उत्तर देतो. प्रशिक्षकालाही प्रश्न माहीत असतात, तो नकळत तेवढंच शिकवतो. 'माहीत नाही' असा पर्याय दिला नसेल, तर चार पर्यायांत डोळे मिटून खूण करणाऱ्यालाही वीसपैकी पाच गुण मिळतात. आणि प्रश्न फार सोपे असतील, मतदानाचं वय किती असले, तर सुरुवातीलाच सगळ्यांना सतरा-अठरा मिळतात आणि वाढायला जागाच राहत नाही. तेव्हा बेरीज नंतर बघा, आधी एकेक प्रश्न उलगडा. कुठल्या प्रश्नावर बदल झाला, कुठल्यावर नाही, आणि कुठल्यावर उलटा झाला. उलटा बदल नेहमी बोलका असतो; बहुधा प्रशिक्षकाने तिथे काहीतरी चुकीचं शिकवलेलं असतं.

एका खड्ड्यात मी स्वतः पडलोय, तो सांगतो. प्रश्नावलीत 'स्थानिक कारभार मला किती समजतो' असं एक ते पाचात विचारलं होतं. वर्गाआधी सरासरी चारच्या आसपास आली, वर्गानंतर तीनच्या जवळ. वर्गामुळे लोकांची समज कमी झाली, असा मसुदा मी जवळजवळ लिहून टाकला होता. सुदैवाने एका सहभागी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'आधी वाटायचं कळतं. अंदाजपत्रकाची पानं उघडल्यावर समजलं, काहीच कळत नव्हतं.' मोजणारी फूटपट्टीच मधल्या काळात बदलली होती. जॉर्ज हॉवर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेमकी हीच अडचण मांडली होती. उपाय असा: शेवटी दोन्ही प्रश्न एकदम विचारायचे. आज किती समजतं, आणि आज मागे वळून पाहताना तेव्हा किती समजत होतं? यालाही दोष आहे, लोकांना आपण सुधारलो असं दाखवायला आवडतं. तरी स्वतःच्या समजेबद्दल विचारायचंच असेल तर हे त्यातल्या त्यात बरं.

माझं मत विचाराल तर स्वतःच्या समजेबद्दल विचारूच नये, काम करायला द्यावं. माझ्या पिशवीत एक बनावट नोटीस असते. एखाद्या स्थानिक संस्थेने काढावी तशी, मोकळ्या जागेचा वापर बदलण्याबद्दल, 'पंधरा दिवसांच्या आत हरकती घ्याव्यात' असं म्हणणारी. तिच्यावर मुद्दाम तारीख नाही, आणि हरकत कोणाकडे द्यायची तेही नाही. हातात देतो आणि विचारतो: हे वाचून, किंवा मी वाचून दाखवल्यावर, तुम्ही काय कराल? चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळालेल्या एका आजींनी कागद दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, 'पंधरा दिवस म्हणतात, पण कधीपासून पंधरा?' त्याच वर्गातल्या एकोणीस गुणवाल्या गृहस्थांनी नोटीस सुबक घडी करून परत दिली आणि सांगितलं, 'शासनाने काढली म्हणजे योग्यच असणार.' या दोघांपैकी कोण शिकलं हे ठरवायला तुमची वीस प्रश्नांची चाचणी उपयोगाची नाही.

दुसरं काम असं देतो: तुम्हाला न पटणाऱ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर रेकॉर्ड करायचं (परवानगी घेऊन), आणि गुण देणाऱ्या दोघांना कोण वर्गाला गेलं होतं, कोण नाही, हे कळू द्यायचं नाही. दोघांचे गुण एकमेकांशी जुळत नसतील तर निकष पुन्हा लिहायचे. वेळखाऊ आहे, पण साठ-सत्तर माणसांवर केलं तरी हजार फीडबॅक फॉर्मपेक्षा जास्त हाती लागतं.

वागण्याबद्दल विचाराल तेव्हा सावध असा. 'मतदान केलंत का' या प्रश्नाला लोक हो म्हणतात. न केलेलेही म्हणतात, आणि वर्गाला गेलेल्यांवर हो म्हणण्याचं दडपण जास्त असतं, म्हणजे चूक एकाच बाजूला झुकते. २००८ साली पाकिस्तानात सिंधमध्ये झेविअर जिने आणि गझाला मन्सुरी यांनी घरोघरी जाऊन केलेल्या महिला मतदार-जागृतीचा अभ्यास केला. त्यांनी नुसत्या तोंडी उत्तरावर भागवलं नाही, शाईची खूणही पाहिली. वाढ खरी निघाली. शिवाय ज्यांच्या घरी कोणी गेलंच नव्हतं अशा शेजारणींचंही मतदान वाढलं होतं. केनियात फिंकेल आणि एमी एरिका स्मिथ यांनाही असंच दिसलं: वर्गाला गेलेले घरी, कामावर त्याबद्दल बोलतात आणि न गेलेलेही काही प्रमाणात शिकतात. आनंदाची गोष्ट आहे, पण मूल्यमापन करणाऱ्याला त्रासाची. एकाच गल्लीतल्या गेलेल्या आणि न गेलेल्यांची तुलना केली तर फरक कमी दिसतो, आणि तो कार्यक्रमाच्या यशामुळेच कमी झालेला असतो. म्हणून तुलना अख्ख्या गावाची किंवा वस्तीची करावी, माणसामाणसाची नाही.

तुलना हा शब्द आलाच आहे तर तिथेच थोडं थांबतो, कारण बहुतेक अहवाल इथे बुडतात. राजकीय वर्गाला कोण येतं? ज्याला आधीच रस आहे तो. सभेला जाणारा, पेपर वाचणारा, चार माणसांत बोलणारा. सहभागी आणि बाकीचे यांची तुलना केली की सहभागी पुढेच दिसणार, वर्गात काही न शिकवताही दिसणार. यावर सर्वांत चांगला उपाय चिठ्ठ्या टाकण्याचा. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील तर कोणाला यंदा, कोणाला पुढच्या वर्षी, हे चिठ्ठीने ठरवा. पुढच्या वर्षीचे लोक हा आपोआप तुलनेचा गट होतो, कोणाला कायमचं वगळावंही लागत नाही. अधिकाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. 'गरजूंना आधी' असं ते म्हणतात. यादी काढून बघितली तर 'गरजू' म्हणजे ज्यांचा कोणीतरी फोन केला होता ते.

नमुना किती मोठा हवा, हेही गावांवर ठरतं. समजा वीस वर्ग आहेत, प्रत्येकात पंचवीस माणसं, एकूण पाचशे. ऐकायला भरपूर वाटतात. पण एकाच वर्गातली माणसं एकमेकांसारखी असतात: तोच प्रशिक्षक, तीच खोली, तीच परिस्थिती. त्यांच्यातलं साम्य ०.१ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळे अगदी एकसारखे), तर माहिती किती पट कमी होते ते असं निघतं: १ + (२५ − १) × ०.१ = ३.४. पाचशेला ३.४ ने भागा: १४७. तुमच्याकडे कागदावर पाचशे आहेत, प्रत्यक्षात साधारण दीडशे माणसांएवढीच माहिती आहे. एकाच वर्गात आणखी वीस माणसं भरण्यापेक्षा आणखी वर्ग घेतलेले केव्हाही बरे.

आता सगळ्यात नाजूक भाग, विश्वासाचा. जवळजवळ प्रत्येक सरकारी निविदेत एक निर्देशांक असतो: 'शासकीय संस्थांवरील नागरिकांच्या विश्वासात वाढ.' तो वाचला की मी पेन खाली ठेवतो आणि बैठक मागतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या अभ्यासात नागरिक शिक्षणानंतर लोकांची माहिती वाढली, सहभाग वाढला आणि संस्थांवरचा विश्वास घटला. हे अपयश का? ज्या संस्था नीट चालत नाहीत त्यांच्याबद्दल लोकांना नीट माहिती दिली, तर विश्वास घटणं हे शिकल्याचंच लक्षण असू शकतं. मी निर्देशांक बदलून घेतो. विश्वास वाढला का, असं न विचारता विश्वास योग्य जागी बसला का, असं विचारतो. दोन कार्यालयं घ्या, एक कामाला चांगलं म्हणून माहीत असलेलं, एक बदनाम. वर्गाआधी लोक दोघांना सारखेच गुण देत असतील आणि वर्गानंतर त्यात फरक करायला लागले असतील, तर काहीतरी शिकवलं गेलंय. दोघांचेही गुण सारखेच वाढले असतील तर मला प्रचाराचा वास येतो. दोघांचेही सारखेच घटले असतील तर बहुधा प्रशिक्षकाने आपली कटुता वर्गात ओतली आहे. हाही दोषच, फक्त उलट्या दिशेचा.

सरासरी आकड्यावर कधी विसंबू नका, याला पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे जेसिका गॉटलीब यांनी नागरिकशास्त्राच्या वर्गाचा परिणाम तपासला. पुरुषांचा नागरी सहभाग वाढला. स्त्रियांचा घटला. सार्वजनिक कामाला अचानक वजन आल्यावर त्यात स्त्रियांनी दिसणं आजूबाजूच्यांना जास्त खुपायला लागलं, आणि दडपण वाढलं. नुसती सरासरी काढली असती तर हे कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. म्हणून स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, आणि तिथल्या समाजात जी कोणती उतरंड असेल ती, अशी फोड पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवा. 'ठरवून' हा शब्द महत्त्वाचा. आकडे हाती आल्यावर फोडी पाडत बसलात तर वीस फोडींतली एखादी योगायोगानेही चमकते.

खर्चाबद्दल थोडक्यात: खर्च भागिले हजर माणसं असं करू नका. किमान तीन सत्रांना आलेल्या आणि काम करून दाखवता आलेल्या प्रत्येक माणसामागे खर्च काढा. आकडा टोचतो, पण दोन पद्धतींत निवड करायची वेळ येते तेव्हा तोच उपयोगी पडतो.

कराराचं काय? जर्मनीत राजकीय शिक्षणाचं काम १९५२ पासून एका केंद्रीय संस्थेकडे आहे. ती गृह मंत्रालयाखाली येते, पण तिचा समतोल राखला जातो का, हे पाहायला संसदेच्या २२ सदस्यांचं मंडळ आहे. त्यात विरोधकही असतात. तुमच्याकडे अशी रचना नसेल, तर निदान करारात तीन गोष्टी सहीच्या आधी मागा. प्रश्नावली आणि निकष काम सुरू होण्याआधी लिहून सीलबंद, म्हणजे नंतर सोयीचं निवडता येणार नाही. अहवाल पूर्ण प्रसिद्ध होणार, विभागाला उत्तर जोडता येईल, पण वाक्य बदलता येणार नाही. आणि 'कार्यक्रम अपयशी' कशाला म्हणायचं, हे दोघांनी मिळून आधीच ठरवायचं. तिसरी गोष्ट मागितली की समोरच्याचा चेहरा बघा. ज्या विभागाला आपलं अपयश कसं दिसेल याची कल्पनाच करता येत नाही, तिथे तुमचा अहवाल कपाटात जाणार असं समजून चाला. एकदा मसुदा दिल्यावर मला फोन आला: 'बाकी उत्तम आहे, फक्त ते स्त्रियांचं परिच्छेदाऐवजी तळटीपेत घेता येईल का?' करारात कलम नव्हतं. गेलं तळटीपेत. पुढच्या करारापासून मी ते कलम घालूनच घेतो.

तुमचं मात्र वर्ष संपलंय, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नाहीत आणि नोटिशीसारख्या कामाची वर्गाआधीची नोंदही नाही. तरी हात बांधलेले नाहीत. नाव नोंदवूनही जागा न मिळालेले किंवा पुढच्या फेरीसाठी थांबलेले लोक कुठेतरी यादीत असतील. रस असूनही वर्गाला न गेलेले, म्हणून तुलनेला तेच सर्वांत जवळचे. त्यांतले साठ आणि तीन किंवा जास्त वेळा आलेले साठ, शक्यतो वेगवेगळ्या गावांतले, एवढ्यांना नोटिशीचं काम द्या. वर्ग संपून किमान चार-सहा महिने होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं आठवतं. पहिल्या सत्रानंतर गळालेल्या दहा-बारा जणांना शोधून भेटा, का सोडलं ते विचारा. ही भेट कोणी मागत नाही, आणि सर्वांत प्रामाणिक उत्तरं तिथेच मिळतात. बाहेरच्या खुणाही तपासा: माहिती मागणारे अर्ज, हरकती, सभांच्या इतिवृत्तात बोलणाऱ्यांची नावं. वर्ग झालेल्या आणि न झालेल्या गावांत, आधीच्या आणि नंतरच्या वर्षात. हे कागद लोकांच्या उत्तरांसारखे आपल्याला खूश करायला बसलेले नसतात.

पण या सगळ्याआधी हजेरीपट मागा. मूळ वही, टाइप केलेला तक्ता नाही. तारखा सुट्टीच्या दिवशी पडतात का ते बघा. मग सह्यांवरून बोट फिरवत जा आणि हिरवी शाई दिसते का ते पाहा.